उचल, टोळी आणि वेठबिगारीचा कायदा
(तोडणी-वाहतूक करणाऱ्या सभासदांसाठी)



या पानावर आम्ही एरवी बेणे, खोडवा, पाचट, हुमणी असल्या विषयांवर लिहितो. या वेळचा विषय निराळा आहे, पण तोडणी-वाहतुकीचे करार सुरू होण्याआधी तो मांडणे आम्हाला जरूरीचे वाटते. आपल्यापैकी पुष्कळांनी शेतीला जोड म्हणून ट्रॅक्टर आणि दोन ट्रेलर घेऊन वाहतुकीचा धंदा धरला आहे. बँकेचे कर्ज, कारखान्याची उचल, घरातला थोडा डाग, असे सगळे गोळा करून मुकादमाच्या हातात पैसे दिले जातात आणि दसरा-दिवाळीनंतर टोळी आली म्हणजे जीव भांड्यात पडतो. टोळी आली नाही तर काय होते, ते आम्ही सांगायला नको. गटऑफिसच्या पायरीवर डोके धरून बसलेले वाहनधारक आम्ही दरसाल पाहतो.

या भीतीपोटीच काही गोष्टी आपल्या भागात रूढ झाल्या आहेत. त्या करणाऱ्याला त्यात वावगे काही वाटत नाही. "माझा पैसा गुंतलाय, मी माझा माणूस सांभाळतोय" एवढेच तो म्हणतो. पण कायदा त्याला दुसरे नाव देतो. ते नाव वेठबिगारी.

हा शब्द कानावर पडला की आपल्याला जुना काळ आठवतो. वतनदाराची वेठ, महार वतनातली फुकटची राबणूक (ती वतने १९५८ च्या कायद्याने गेली), ठाणे जिल्ह्यातले लग्नगडी. लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे उचलायचे आणि नवरा-बायकोने त्याच्या घरी वर्षानुवर्षे राबायचे, अशी ती रीत होती. १९४५ साली वारल्यांनी गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या साथीने वेठीविरुद्ध जो उठाव केला, तो याच जुलमाविरुद्ध. आपल्याला वाटते, ते सारे संपले. आता लग्नगड्याच्या रीतीत काय काय होते ते मोजून पाहा. आधी दिलेला पैसा, तो फिटेपर्यंत दुसरीकडे जायला बंदी, आणि जोडीने काम. फडातल्या कोयत्याला हे वर्णन किती लागू पडते, ते ज्याचे त्याने ताडून पाहावे.

कायदा काय म्हणतो

राज्यघटनेच्या तेविसाव्या कलमाने वेठ आणि सक्तीची मजुरी यांना बंदी आहे. त्यावर १९७६ साली वेठबिगार पद्धतीच्या निर्मूलनाचा केंद्राचा कायदा झाला. त्याचा अंमल २५ ऑक्टोबर १९७५ पासून धरला जातो.

पहिल्यांदा एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण तिच्यावरून फार गैरसमज आहे. उचल देणे हा गुन्हा नाही. उचल दिली आणि तिच्या बदल्यात माणसाची मोकळीक काढून घेतली, म्हणजे गुन्हा होतो. मोकळीक म्हणजे काय, हे कायद्याने सांगितले आहे. मजुरी न देता किंवा नाममात्र देऊन काम करून घेणे. अमुक मुदतीपर्यंत दुसऱ्याकडे कामाला जाऊ न देणे. हवे तिकडे जाऊ-येऊ न देणे. आणि आपली मेहनत किंवा आपला माल बाजारभावाने विकू न देणे. यातले एक जरी उचलीला जोडले गेले तरी ती वेठबिगारी ठरते. चारही असण्याची गरज नाही. बापाच्या किंवा आज्याच्या कर्जापायी मुलाला राबवले, तर तेही याच कायद्यात येते.

सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली, दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात, आणखी एक मुद्दा पक्का केला. किमान वेतनापेक्षा कमी पैशात माणूस काम करतो तो राजीखुशीने नव्हे, भुकेच्या रेट्याने करतो, आणि तीही सक्तीची मजुरीच. पुढे बंधुआ मुक्ती मोर्चाच्या खटल्यात न्यायालयाने म्हटले की, सक्तीने काम करून घेतल्याचे दिसले तर ते उचलीपोटीच आहे असे गृहीत धरावे. तसे नाही हे मालकाने दाखवावे. मूळ कायद्यातही पुराव्याचा बोजा पैसे देणाऱ्यावरच आहे. "सिद्ध करा" म्हणून आपण हात वर करू शकत नाही.

शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजारांपर्यंत दंड. दोन हजार ऐकून काही जण हसतात. त्यांनी पुढचे वाचावे. मजूर अनुसूचित जाती-जमातीचा असेल तर अत्याचार प्रतिबंधक कायदा लागतो, आणि त्यात अटकपूर्व जामीन मिळण्याची वाट फार अरुंद आहे. कोंडून ठेवणे, सक्तीने राबवणे, माणसांचा व्यापार यांची कलमे भारतीय न्याय संहितेत वेगळी आहेत. आणि धंद्याच्या दृष्टीने सगळ्यात जड कलम हे की, वेठबिगारी ठरली की त्यापोटीचे कर्ज कायद्यानेच संपते. मजुराने एक पैसाही परत करायचा नाही. त्यानंतर त्याच्याकडून वसुली केली तर तोच नवा गुन्हा, त्यालाही तीन वर्षे. थोडक्यात, पैसे बुडू नयेत म्हणून जो माणसे डांबतो, त्याचे पैसे त्या डांबण्यानेच बुडतात.

हिशेब मांडून पाहू

आता उचलीचा आकडा. आपल्याकडे एका कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला, लाखभर रुपये उचल देणारे वाहनधारक आहेत. हा लाख रुपया एका हंगामात फिटतो का, हे किती जणांनी कागदावर मांडून पाहिले आहे? आम्ही मांडून पाहिले.

जानेवारी २०२४ मध्ये पुण्यात ऊसतोड मजुरांच्या संघटना आणि साखर संघ यांच्या बैठकीत मजुरीत ३४ टक्के वाढ ठरली आणि तोडणीचा दर टनाला ३६६ रुपयांच्या घरात गेला. चांगली जोडी दिवसाला दोन टन तोडते असे धरू. पडलेला ऊस, चिखलाचा फड, लांबची भरणी असेल तर एवढे होत नाही, पण धरू. हंगामात कामाचे दिवस भरले ११०. म्हणजे २२० टन, आणि मजुरी झाली ८०,५२० रुपये. त्यातून आठवड्याची खर्ची जाते. कोयत्यामागे दीड हजार धरली तरी सोळा आठवड्यांची २४,००० होते. लाखाची उचल अधिक चोवीस हजारांची खर्ची, एक लाख चोवीस हजार. त्यातून कमाई वजा केली तर हंगामाच्या शेवटी त्या जोडीच्या नावावर ४३,४८० रुपये बाकी निघते.

एकही खाडा नाही, आजारपण नाही, पाऊस नाही, असे धरून हा हिशेब आहे. २०२४-२५ चा हंगाम राज्यभर लवकर आटोपला, तेव्हा काय झाले असेल ते यावरून ताडावे. ऊस कमी पडला, कारखाने लवकर बंद झाले, हा काही तोडणाऱ्याचा दोष नव्हे, पण बाकी त्याच्याच नावावर चढते.

म्हणजे ही उचल फिटावी म्हणून दिलेलीच नसते, असे म्हणावे लागते. बाकी राहिली की पुढच्या साली तोच कोयता त्याच मुकादमाकडे बांधलेला. मुकादमाला ते सोयीचे आहे. वाहनधारकालाही वरवर सोयीचे वाटते. पण याच बाकीपायी तो कोयता उन्हाळ्यात गुऱ्हाळावर किंवा वीटभट्टीवर पाठवला जातो आणि आपले पैसे कुठे गेले हे आपल्यालाही कळत नाही.

पन्नास हजार उचल दिली तर? याच हिशेबाने खर्ची जाऊन ६,५२० रुपये हातात घेऊन जोडी गावी जाते. रक्कम थोडी आहे, पण ती शिल्लक आहे. "कमी उचलीला टोळी येत नाही, शेजारचा लाख देतो" हे आम्हाला ठाऊक आहे. एकट्याने आकडा खाली आणता येत नाही, हे खरे. म्हणून गटातल्या वाहनधारकांनी करारापूर्वी एकत्र बसावे असे आम्ही तीन हंगाम सांगत आहो. दोन गटांत थोडेफार जमले, बाकी ठिकाणी चहा पिऊन मंडळी उठली.

मयतीला सोडायचे कुणाला?

वेठबिगारी ओळखायची कशी, असे सभासद विचारतात. साखळदंड तर कुणी घालत नाही. आमच्या मते एकच प्रश्न विचारावा : टोळीतल्या माणसाच्या गावी मयत झाली, तर काय करता?

पुष्कळांचे उत्तर आम्हाला माहीत आहे. नवऱ्याला जाऊ द्यायचे. बायको आणि पोरे फडावरच. किंवा दोघांना सोडायचे आणि बैलजोडी, नाहीतर आधारकार्ड ठेवून घ्यायचे. कुणी मोबाईल काढून घेतो. कुणी आपला एक माणूस बरोबर पाठवतो, तो अंत्यविधीला पाठीशी उभा राहतो आणि तिसऱ्या दिवशी परत घेऊन येतो. एका कोपीवर आम्ही गेलो असता एक बाई दोन लेकरांसह बसून होती. नवरा सासऱ्याच्या दहाव्याला गेलेला. तिला विचारले, तुम्ही का नाही गेलात? ती म्हणाली, "आम्ही हितं ठेवल्यात." ठेवल्यात! दागिना गहाण ठेवावा तसा शब्द होता तो. वाहनधारक भला गृहस्थ. टोळीला ज्वारी घालणारा, पोरांना दिवाळीला कपडे घेणारा. आपण काही चुकीचे करतो आहोत असे त्याच्या मनातही नव्हते. पण कायद्यापुढे ती बाई ओलीस होती.

खाड्याचेही तसेच. काम केले नाही त्या दिवसाची मजुरी मिळत नाही, इथपर्यंत कुणाची तक्रार नाही. पण ताप आला म्हणून पडून राहिलेल्या जोडीच्या नावावर वर दंड चढवायचा, ही रीत बंद झालीच पाहिजे. या दंडाच्या धाकाने बाया दुखणी अंगावर काढतात. बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या बायांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला आणि शासनाने समिती नेमली. पाहणी झालेल्या सुमारे ८२ हजार बायांपैकी १३ हजारांहून अधिक बायांची ती शस्त्रक्रिया झालेली निघाली. त्यामागे कारणे अनेक, पण खाडा पडू नये हे त्यातले एक म्हणून पुढे आले. तो खाडा लिहिला जातो तो आपल्याच वहीत.

आमचा पैसा बुडतो, त्याचे काय?

हा प्रश्न रास्त आहे. तो बाजूला ठेवून वेठबिगारीवर बोलणे म्हणजे निम्मेच बोलणे. एकच मुकादम तिघांकडून उचल घेतो, तीन ठिकाणी अंगठे देतो आणि चौथ्याच्या फडावर निघून जातो. असे फसलेले सभासद आपल्या कार्यक्षेत्रात आहेत. काहींनी जमिनी गहाण टाकल्या. चिडून काही जण जीप काढून गावावर जातात आणि हाती लागेल त्या मजुराला उचलून आणतात. तिथेच घात होतो.

नीट पाहा : आपण पैसे दिले मुकादमाला. करार मुकादमाशी. मजुराने आपल्या कागदावर सही केलेली नाही. त्याला लाखातले चाळीस मिळाले की सत्तर, हे त्यालाच माहीत. जो आपला देणेकरीच नाही, त्याला धरून आणणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. गुन्हा नोंदला जातो आपल्यावर आणि मुकादम त्यात साक्षीदार म्हणून उभा राहतो.

वसुलीचा मार्ग मुकादमाच्या दारातून जातो. रोखीने पैसे देऊ नयेत. बँकेतून द्यावेत आणि एकदम न देता हप्त्यांनी, शेवटचा हप्ता टोळी फडावर उतरल्यावर. मुकादमाचा धनादेश घेतला असेल आणि तो न वटता परत आला, तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस गेली पाहिजे. नोटीस पोचल्यावर पंधरा दिवसांत पैसे न आले तर पुढच्या महिन्याभरात फिर्याद. या मुदती चुकल्या की तो मार्ग बंद, म्हणून वकील गाठायला हंगाम संपायची वाट पाहू नये. मुळातच फसवण्याच्या हेतूने पैसे घेतले असतील तर पोलिसात फसवणुकीची तक्रार होते. तिला आधार लागतो कागदाचा, आणि आपल्याकडे नेमका तोच नसतो.

उचल देण्यापूर्वी गावी जाऊन प्रत्येक जोडीला समोरासमोर विचारावे : तुम्ही येणार का, किती उचल ठरली, हातात किती आली? हे करणारे वाहनधारक फसण्याचे प्रमाण कमी, असा आमचा अनुभव आहे. मुकादमाला ते आवडत नाही. त्याला आवडत नाही यातच सारे आले.

प्रत्येक कोयत्याला स्वतंत्र पुस्तक द्यावे. त्यात उचल, रोजचे टनेज, खर्ची आणि बाकी लिहावी आणि ते पुस्तक मजुराकडेच ठेवावे. नवरा आणि बायको दोघांची नावे घालावीत. मोळी बांधून डोक्यावरून ट्रेलरवर चढवते ती बाई. पण "एक कोयता" म्हणून जे नाव लागते ते नवऱ्याचे, त्यामुळे तिची कमाई कागदावर कधी येतच नाही. हंगामाअखेर बाकी उरलीच तर ती साधे देणे म्हणून लिहावी. पुढच्या साली आमच्याकडेच आले पाहिजे, ही अट तिला जोडली की ती वेठबिगारीची अट झाली. ज्याला दुसऱ्या गाडीवर जायचे त्याला जाऊ द्यावे. माणूस मेला तर त्याची उचल विधवेच्या किंवा पोराच्या अंगावर टाकून त्यांच्याकडून काम घेऊ नये.

चौदा वर्षांखालच्या मुलाला फडात कामाला लावता येत नाही. १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती होऊन ही बंदी सर्व धंद्यांना लागू झाली. "आईबापाच्या मागे फिरतंय, वाढी गोळा करतंय" ही पळवाट चालायची नाही. जवळच्या शाळेत हंगामापुरते बसवायची सोय मुख्याध्यापकांकडे करून घेता येते, आणि गावी ठेवायचे असेल तर ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी शासनाची वसतिगृहे निघाली आहेत. शेतकी स्टाफला सांगितले तर कागदपत्रे आम्ही करून देऊ.

ज्यांचा ट्रॅक्टर नाही, नुसता ऊस आहे, त्या सभासदांनी हे आपल्याला लागू नाही असे समजू नये. टोळी उतरते ती तुमच्या बांधावर. कोण रडते, कोणाला मारहाण झाली, कोण रात्री निघून जाऊ पाहते, हे पहिल्यांदा तुम्हालाच दिसते. खुशालीसाठी मजुराशी हुज्जत घालताना आपण त्याच्याशी बोलतो, मग एरवीही बोलायला हरकत नाही. काही खटकले तर गटऑफिसला कळवावे. ते बरे वाटत नसेल तर थेट प्रांत किंवा जिल्हाधिकारी यांच्याकडे जावे. या कायद्याखाली जिल्ह्याला आणि उपविभागाला दक्षता समित्या आहेत, आणि मुक्त झालेल्या मजुराला मुक्ततेचा दाखला मिळतो. २०१६ च्या केंद्राच्या योजनेत पुनर्वसनासाठी पुरुषाला एक लाख, बाई किंवा मुलाला दोन लाख आणि फार वाईट प्रकरणात तीन लाख रुपये ठरवले आहेत. तातडीचे असेल तर पोलिसांचा ११२ आणि मुलांसाठी १०९८ हे फोन आहेत.

राहता राहिला कारखाना. "आमचा करार वाहनधारकाशी, मजुराशी आमचा संबंध नाही" असे कारखान्यांच्या बाजूने म्हणण्याचा प्रघात आहे. आम्ही शेती विभागात नोकरी करतो, तरी हे म्हणणे आम्हाला पटत नाही. उचलीचा पहिला रुपया निघतो तो कारखान्याच्या खात्यातून, आणि ज्या उसाची साखर होते तो त्याच कोयत्याने तुटलेला असतो. म्हणून या हंगामाच्या करारासोबत शेती विभागाने एक जादा पान जोडले आहे. त्यात प्रत्येक कोयत्याची दोन्ही नावे, हातात मिळालेली उचल आणि "कागदपत्रे ठेवून घेतलेली नाहीत, खाड्याचा दंड नाही, जाण्यायेण्यास मोकळीक आहे" असे तीन रकाने आहेत. पान मराठीतच आहे, दोन प्रतींत. एक प्रत मजुराची. ज्याला वाचता येत नाही त्याला चिटबॉयने वाचून दाखवायचे आणि मग अंगठा घ्यायचा. कोरे पान सही करून घेऊन येणाऱ्याचा करार परत पाठवावा, अशी सूचना सर्व गटऑफिसना दिली आहे. छापील पाने गटऑफिसात आली आहेत. येताना कोयत्यांची यादी, बँकेचे पासबुक आणि मागील हंगामाच्या बाकीची वही आणावी. वहीतल्या जुन्या बाक्या कशा लिहायच्या याचा घोळ सगळ्यांचाच आहे. तो एकेकाला समोर बसवून सोडवावा लागेल, तेव्हा हाताशी वेळ ठेवून यावे.